रागसंगीताची नवी ध्वनिमुद्रणे आणि त्यांमागचे कलाकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंदुस्थानी रागसंगीत आवडीने ऐकणाऱ्या, परंतु अलीकडे प्रसिद्ध होणाऱ्या ध्वनिमुद्रणांतून नेमके काय आणि कोणाचे ऐकावे याविषयी गोंधळ होणाऱ्या श्रोत्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि कर्नाटक संगीत यांचे व्यवहार वेगळे असल्यामुळे त्यांचा विचार येथे केलेला नाही.

अ‍ॅपवर ‘नवीन’ म्हणून दिसणारी बरीच ध्वनिमुद्रणे प्रत्यक्षात जुनी का निघतात?

अ‍ॅपवर दिसणारी तारीख बहुतेक वेळा ते ध्वनिमुद्रण तेथे चढवल्याची असते, ते गायले किंवा वाजवले गेल्याची नव्हे. उस्ताद अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारी या रागांची एल.पी. (लाँग-प्ले तबकडी) १९६० सालची आहे. पण नवे मुखपृष्ठ लावून ती पुन्हा चढवली की यंदाच्या प्रकाशनांच्या रांगेत येऊन बसते. श्रोत्याने म्हणूनच तीन प्रकार मनाशी वेगळे ठेवावेत. पहिला, खरोखर अलीकडे मुद्रित झालेले गायन-वादन. दुसरा, जुन्या मैफलीचे किंवा आकाशवाणीच्या कार्यक्रमाचे आजवर प्रसिद्ध न झालेले आणि आता प्रथमच बाहेर आलेले मुद्रण. तिसरा, जुन्याच तबकडीची पुनरावृत्ती. यांतला दुसरा प्रकार आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. कुमार गंधर्वांसारख्या कलाकाराची व्यावसायिक मुद्रणे मोजकी आणि वेळेच्या चौकटीत बसवलेली असतात, आणि त्यांचा खरा विस्तार खासगी मैफलींच्या टेपांवरच सापडतो. २०२२ मध्ये पं. भीमसेन जोशी यांची आणि २०२४ मध्ये कुमारजींची जन्मशताब्दी झाली. अशा निमित्तांनी घराघरांतल्या टेपा बाहेर येतात, पण त्यांच्यावर स्थळ आणि साल लिहिलेले असेलच असे नाही.

सध्याच्या कलाकारांपैकी कोणाची ध्वनिमुद्रणे आवर्जून ऐकावीत?

अशी यादी प्रत्येकाची वेगळी होणार. आमची पुढे देत आहोत आणि ती निवडण्यामागचे कारणही सांगत आहोत. पं. उल्हास कशाळकर यांना राम मराठे आणि गजाननबुवा जोशी यांची तालीम मिळाली. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही अंगांची जोड त्यांच्या गाण्यात कशी बसली आहे, हे मैफलीतल्या मुद्रणात जितके कळते तितके वीस मिनिटांच्या तुकड्यात कळत नाही. डॉ. अश्विनी भिडे-देशपांडे यांना पं. नारायणराव दातार, आई माणिक भिडे आणि पं. रत्नाकर पै यांच्याकडून विद्या मिळाली. जयपूर घराण्यातले अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे राग आणि जोडराग ऐकायचे असतील, तर त्यांच्या मुद्रणांपासून सुरुवात करावी, कारण रागाची मांडणी त्या इतकी स्वच्छ करतात की नवख्या श्रोत्यालाही दोन रागांचे सांधे दिसू लागतात. आरती अंकलीकर-टिकेकर यांच्या गाण्यात वसंतराव कुलकर्णी, किशोरी आमोणकर आणि दिनकर कायकिणी या तीन वेगळ्या गुरूंच्या खुणा शोधणे हा एक स्वतंत्र आनंद आहे.

धारवाडचे पं. व्यंकटेश कुमार गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पुट्टराज गवई यांच्याजवळ घडले. कर्नाटकाबाहेर त्यांचे नाव बरेच उशिरा पोहोचले, आणि ते पोहोचवण्यात इंटरनेटवरील मैफलींच्या चित्रफितींचा वाटा मोठा आहे. लंडनच्या दरबार महोत्सवाने केलेली अशी मुद्रणे आवाजाच्या दृष्टीनेही नीटनेटकी असतात. हा महोत्सव तबलावादक भाई गुरमीतसिंग विरदी यांच्या स्मरणार्थ २००६ मध्ये लेस्टर येथे सुरू झाला. जयतीर्थ मेवुंडी, मंजिरी असनारे-केळकर, शौनक अभिषेकी, कौशिकी चक्रवर्ती आणि राहुल देशपांडे ही नावे महाराष्ट्रातील श्रोत्यांना परिचित आहेतच.

वादनात बहाउद्दीन डागर यांची रुद्रवीणा चुकवू नये. त्यांचे वडील उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी पनवेलजवळ पळस्पे येथे ध्रुपदाचे गुरुकुल उभे केले. रुद्रवीणेचा नाद मुळातच हळू असल्याने मोठ्या सभागृहात तिची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे, अर्धीच पोहोचते. हे एकच वाद्य असे आहे की ज्याच्याबाबतीत आम्ही मैफलीपेक्षा चांगले मुद्रण आणि चांगला हेडफोन सुचवतो.

पूर्वी कंपन्या ध्वनिमुद्रिका काढत असत. आता त्या कोण काढते?

भारतातल्या ध्वनिमुद्रणाची सुरुवात नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात फ्रेड गैसबर्ग याने केलेल्या मुद्रणांपासून धरली जाते. त्यांत गौहरजान होत्या. गाण्याच्या शेवटी त्या इंग्रजीतून स्वतःचे नाव पुकारतात, कारण तबकड्या जर्मनीतल्या हॅनोवरला तयार होत आणि तेथल्या कारागिरांना लेबलावर कोणाचे नाव छापायचे हे त्यावरून समजे. पुढे कित्येक दशके ‘एच.एम.व्ही.’ हेच नाव बाजारावर राज्य करीत होते. तीच कंपनी आता ‘सारेगामा’ या नावाने ओळखली जाते. कॅसेट आल्यावर चित्र पालटले. पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊसने मैफलींच्या कॅसेटी रसिकांच्या हातात दिल्या, नव्वदच्या दशकात दिल्लीच्या ‘म्युझिक टुडे’ने आणि लंडनच्या ‘नवरस’ने रागांचे लांबलचक आविष्कार सी.डी.वर आणले. सी.डी. विकली जाईनाशी झाली तेव्हा हा सगळा पसारा आवरला गेला.

त्यानंतरचा काळ कलाकारांनी स्वतःच्या हिमतीवर उभा केला आहे. शुभा मुद्गल आणि तबलावादक अनीश प्रधान यांनी २००३ मध्ये ‘अंडरस्कोर रेकॉर्ड्‌स’ ही संस्था सुरू केली, ती कलाकाराच्या हाती हक्क ठेवून ऑनलाइन विक्री करण्याच्या हेतूने. त्या वेळी हे धाडसच होते. आज बहुतेक गायक-वादक स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर मुद्रण प्रसिद्ध करतात, स्टुडिओचे भाडे, तंत्रज्ञाचे मानधन आणि साथीदारांची बिदागी स्वतः भरतात, आणि तो खर्च मैफलींच्या उत्पन्नातून काढतात. मुद्रण हे उत्पन्नाचे साधन न राहता मैफलीचे निमंत्रण मिळावे म्हणून केलेली तजवीज झाले आहे, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

एकाच रागाचे चार-पाच तुकडे करून ते वेगवेगळे का चढवलेले असतात?

यामागे हिशेब आहे. स्पॉटिफायवर एखादे मुद्रण ३० सेकंद ऐकले गेले की ते ‘एकदा ऐकले’ असे मोजले जाते. म्हणजे तीन मिनिटांचे चित्रपटगीत आणि पन्नास मिनिटांचा बडा ख्याल यांची मोजणी सारखीच. शिवाय २०२४ पासून आधीच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या न गेलेल्या मुद्रणाला मानधनाच्या वाटपातून वगळण्यात येते, आणि अनवट रागाच्या मुद्रणाला हा आकडा गाठणे सोपे नसते. त्यामुळे आलाप, विलंबित, द्रुत आणि तराणा असे चार भाग केले जातात. तुकडे पाडण्याला आमचा विरोध नाही. पण दोन भागांमध्ये अ‍ॅप क्षणभर थांबते आणि विलंबिताच्या शेवटच्या समेनंतर लगेच उचललेला द्रुताचा मुखडा तुटतो, तेव्हा ऐकणाऱ्याचा हिरमोड होतो. अ‍ॅपच्या मांडणीत ‘गॅपलेस’ हा पर्याय असेल तर तो सुरू ठेवावा.

यंत्राने गाण्याची लांबी ठरवण्याचा प्रकार आजचा नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन मिनिटभराचे होऊ शकते. तशा लयीत तबकडीवर तीन आवर्तने झाली की सुई लेबलापाशी पोहोचली असती. म्हणून त्या काळच्या गायकांनी मध्य लयीतल्या बंदिशी निवडल्या, आलापाला दोन-चार वाक्यांत आटोपले आणि तानांना जागा ठेवली. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी अशीच साडेतीन मिनिटांची आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सुवर्णतबकडीवर तिचा समावेश झाला. गोव्यातल्या केरी गावची ही गायिका मुद्रणाविषयी अतिशय चोखंदळ होती. तिने ती साडेतीन मिनिटे कशी भरली आहेत हे ऐकले, म्हणजे वेळेच्या मर्यादेला दोष देताना आपण जरा सावध होतो.

साथीदारांची नावे शोधूनही सापडत नाहीत. ती महत्त्वाची आहेत का?

अतिशय महत्त्वाची आहेत, आणि ती न देणे हा आपल्याकडच्या प्रकाशनांचा सर्वांत जुना आणि सर्वांत अक्षम्य दोष आहे. ख्यालगायनात तबल्याचा ठेका किती भरलेला आणि किती मोकळा ठेवायचा, समेकडे जाताना बोल दाट करायचे की गायकाला एकटे सोडायचे, याचे निर्णय क्षणोक्षणी होत असतात. पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो की त्याच्या विरामात एक छोटी जागा भरून त्याला पुढचा स्वर सुचवतो, यावर संपूर्ण आलापाचा पोत बदलतो. तरीही अ‍ॅपवर एकच नाव दिसते. हा मजकूर एल.पी.च्या काळात निदान वेष्टनाच्या मागच्या बाजूला छापला तरी जात असे; आता मागची बाजूच उरलेली नाही.

एक साधा उपाय आहे. यूट्यूबवरील वर्णनाचा मजकूर पूर्ण उघडून वाचावा, कारण कलाकाराने स्वतः चढवलेल्या मुद्रणात तबला, पेटी, तानपुरा आणि ध्वनिमुद्रक यांची नावे तेथे बहुधा असतात. योगेश समसी, सत्यजित तळवलकर, भरत कामत हे तबलावादक, किंवा सुधीर नायक, सुयोग कुंडलकर, तन्मय देवचके हे संवादिनीवादक यांपैकी एखादे नाव लक्षात ठेवून त्या नावाने शोध घेतला, तर कधी न ऐकलेले गायकही त्या निमित्ताने कळतात. साथीदाराच्या मागावर निघून गायकापर्यंत पोहोचणे हा शोधाचा आम्हाला सर्वांत भरवशाचा वाटणारा मार्ग आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. आकाशवाणीने १९४० ते १९७१ या काळात संवादिनीला आपल्या दारात उभे राहू दिले नव्हते. त्यामुळे त्या काळातील आकाशवाणीच्या जुन्या मुद्रणांत गायकामागे सारंगी ऐकू येते, आणि मैफलीच्या मुद्रणांत त्याच गायकामागे पेटी असते. दोन्ही शेजारी ठेवून ऐकावे.

‘बंदिश पारंपरिक’ असे लिहिलेले असते, ते नेहमीच खरे असते का?

नाही. पाश्चात्त्य संगीतासाठी आखलेल्या तक्त्यात रचनाकाराचा रकाना भरावाच लागतो आणि चढवणारा माणूस तेथे ‘पारंपरिक’ लिहून मोकळा होतो. वास्तविक रचनाकाराचे नाव अनेकदा बंदिशीच्या शब्दांतच असते, फक्त लक्ष देऊन ऐकावे लागते. अंतऱ्यात ‘सदारंग’ आले तर ती रचना मोहम्मदशहा रंगिले याच्या दरबारातील न्यामतखाँ यांच्या नावाची असते, ‘प्रेमपिया’ म्हणजे फैयाजखाँ, ‘प्राणपिया’ म्हणजे विलायत हुसेनखाँ, ‘सबरंग’ म्हणजे बडे गुलाम अली खाँ, ‘रामरंग’ म्हणजे पं. रामाश्रय झा, आणि ‘गुणिदास’ म्हणजे जोगकंस हा राग रूढ करणारे जगन्नाथबुवा पुरोहित.

ज्यांच्या शब्दांत रचनाकाराचे असे नाव, म्हणजे मुद्रा नसते अशा अलीकडच्या रचनांवर अन्याय जास्त होतो. कलावतीतील ‘तन मन धन तोपे वारूँ’ आणि मारुबिहागातील ‘जागूँ मैं सारी रैना’ या डॉ. प्रभा अत्रे यांच्या रचना आहेत. १३ जानेवारी २०२४ रोजी त्यांचे निधन झाले, म्हणजे भारतीय कायद्याप्रमाणे त्यांच्या रचनांवरील हक्क २०८४ अखेरपर्यंत चालू राहतो. या बंदिशी गाणाऱ्याने त्यांचे नाव न देणे म्हणजे निव्वळ निष्काळजीपणा आहे.

स्टुडिओतील मुद्रण चांगले की मैफलीतील?

ख्यालासाठी मैफल, असे आमचे मत आहे. समोरून दाद आली की गायक तीच जागा पुन्हा, पण निराळ्या वळणाने घेतो. स्टुडिओत काचेपलीकडच्या तंत्रज्ञाकडून तशी दाद येत नाही. उलट स्टुडिओत स्वर स्वच्छ येतो, आणि चुकलेली तान कापून दुसरी जोडता येते. ही जोडणी कोठे झाली हे तानपुऱ्याच्या नादावरून ओळखता येते, कारण तारांच्या फेऱ्याचा क्रम जोडाच्या ठिकाणी किंचित अडखळतो. हल्ली मागे इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावलेला असतो आणि तो अडखळतही नाही. स्टुडिओने वेळ वाचवण्यासाठी ही युक्ती काढली हे समजू शकते. पण मिरजेच्या कारागिराने लावलेल्या जवारीवर (तारा जिच्यावरून जातात त्या घोडीच्या घासलेल्या पृष्ठभागावर), दोऱ्याचे टोक केसभर पुढेमागे सरकवून उघडलेला षड्ज आणि यंत्रातला षड्ज यांत जो फरक आहे, तो साध्या मोबाइलवरही ऐकू येतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यांतला तानपुरा मुद्रणात वापरला असेल तर प्रकाशकाने तसे लिहायला हरकत नसावी.

‘रीमास्टर’ केलेल्या जुन्या तबकड्या विकत घ्याव्यात का?

रीमास्टर म्हणजे जुन्या मुद्रणावर नव्याने केलेला ध्वनिसंस्कार. घेण्यापूर्वी थोडे ऐकून पाहावे. खरखर काढण्याच्या नादात सारंगीचा किंवा तानपुऱ्याचा वरचा नाद खरवडून काढलेला असेल, तर थोडी खरखर असलेले मुद्रणच पत्करावे. दुसरा प्रश्न वेगाचा. सगळ्या जुन्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झाल्या नव्हत्या. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला, तर पांढरी एक या पट्टीत गाणारा गायक अर्धा स्वर वरच्या काळी एकमध्ये गाताना ऐकू येतो, आणि त्याची तानही प्रत्यक्षापेक्षा चपळ वाटते. जाणकार संग्राहक गायकाची नेहमीची पट्टी माहीत करून घेऊन मग वेग ठरवतात. मुंबईतील ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेशी जोडलेल्या संग्राहकांनी १९९० पासून अशा बारकाव्यांवर चिकाटीने काम केले आहे.

अल्लादियाखाँ साहेबांचे ध्वनिमुद्रण म्हणून एक फीत फिरते आहे. ती खरी आहे का?

तिच्यावर विश्वास ठेवू नये. १९४६ मध्ये निवर्तलेल्या खाँसाहेबांचे कोणतेही मुद्रण उपलब्ध नाही. त्यांची गायकी ऐकायची ती केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडून, आणि मंजीखाँ व भुर्जीखाँ या त्यांच्या पुत्रांजवळ शिकलेल्या मल्लिकार्जुन मन्सूर यांच्याकडून.

ग्रॅमी मिळालेली मुद्रणे शास्त्रीय मानावीत का?

ग्रॅमी हे अमेरिकेतील ध्वनिमुद्रणांसाठीचे पारितोषिक. त्यांतली बहुतेक रागसंगीताच्या कलाकारांनी इतर परंपरांतील कलाकारांबरोबर केलेल्या कामाला मिळाली आहेत. पं. रविशंकर आणि यहुदी मेन्युहिन, विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर ही जुनी उदाहरणे. फेब्रुवारी २०२४ मध्ये उस्ताद झाकीर हुसेन यांना एकाच रात्री तीन ग्रॅमी मिळाले, त्यांपैकी दोहोंत बासरीवादक राकेश चौरसिया त्यांच्यासोबत होते. ते कामही याच जातीचे. मात्र रविशंकर यांना मरणोत्तर, २०१३ मध्ये मिळालेले पारितोषिक कॅलिफोर्नियातील त्यांच्या राहत्या घरी मुद्रित झालेल्या रागवादनाला होते आणि साथीला तन्मय बोस यांचा तबला होता. नव्वदी ओलांडलेल्या वादकाचे हे घरगुती वादन आम्हाला त्यांच्या कित्येक गाजलेल्या कार्यक्रमांपेक्षा जवळचे वाटते. झाकीरभाईंचा तबला ऐकण्यासाठीही पारितोषिकांच्या यादीकडे जाण्यापेक्षा त्यांनी सतार-सरोदाला केलेली साथ शोधावी.

ऐकण्यासाठी ‘लॉसलेस’ घेणे आवश्यक आहे का?

लॉसलेस म्हणजे ध्वनीचा कोणताही भाग न गमावता साठवलेली प्रत. साधन चांगले असेल तर घ्यावे. ब्लूटूथच्या स्वस्त स्पीकरवर त्याचा उपयोग शून्य.

जुनी तबकडी स्वतःच्या वाहिनीवर चढवणे कायदेशीर आहे का?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेली तबकडी १ जानेवारी २०२५ पासून या हक्कातून मुक्त झाली. परंतु हा हिशेब मुद्रणाचा आहे. त्यातील बंदिशीच्या किंवा पदाच्या रचनाकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो, त्यामुळे मुद्रण मुक्त आणि रचना बांधलेली अशी स्थिती उद्भवू शकते. नाट्यपदांच्या बाबतीत हे विशेष तपासावे. तसेच तबकडी मुक्त झाली, तरी कंपनीने तिच्यावर अलीकडे केलेल्या ध्वनिसंस्काराची प्रत उचलून चढवू नये; स्वतःच्या तबकडीवरून प्रत काढावी.

घरात वडिलांनी टेप केलेल्या मैफलींच्या कॅसेटी आहेत. त्यांचे काय करावे?

प्रथम त्या वाजवून पाहण्याचा मोह आवरावा. वर्षानुवर्षे पडून राहिलेली फीत चिकटलेली असते, बुरशी धरलेली असते, आणि पहिल्याच वाजवण्यात तुटू शकते. जाणकाराकडून ती आधी साफ करून घ्यावी आणि मग एकदाच, चांगल्या यंत्रावर, दाबून लहान न केलेल्या स्वरूपात तिची डिजिटल प्रत काढावी. कॅसेटच्या डबीवरील चिठ्ठी मात्र त्याआधीच वाचून तिचे छायाचित्र घ्यावे, कारण ‘गणेशोत्सव, दुसरा दिवस, पूरिया, तबला अमुक’ एवढ्या एका ओळीवाचून ते मुद्रण बिनओळखीचे होते. घरातल्या वडीलधाऱ्यांना ऐकवून मैफल कोणाकडे झाली, समोर कोण बसले होते, मध्येच दाद देणारा आवाज कोणाचा, हे लिहून घ्यावे. ती मैफल प्रसिद्ध करायची असेल, तर गायक-वादकांची, आणि ते हयात नसल्यास त्यांच्या वारसांची परवानगी घ्यावी. टेप आपल्या घरची असली तरी गाणे त्यांचे आहे, आणि कलाकाराचा हक्क कार्यक्रमानंतर ५० वर्षे कायद्याने मान्य केलेला आहे. परवानगीच्या पत्रात तबलावादकाच्या आणि पेटीवादकाच्या घरच्यांचाही समावेश करावा. गायकाच्या कुटुंबाची संमती मिळाली की काम झाले असे समजण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि ती चुकीची आहे.